मंगळवार-गुरुवारचं वाळवंट

या वर्षी दक्षिणेकडच्या वाळवंटात पाऊस चांगला झाला म्हणे. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी आठवडाभर हाच विषय चाललाय. हिवाळ्यात चार सरी जास्त पडल्या की मार्चमध्ये तिथे फुलं येतात, आणि ज्या वर्षी येतात त्या वर्षी जमीन दिसत नाही. सांता क्लाराहून शुक्रवारी दुपारी निघायचं, दोन गाड्या, सात तासांचा ड्राइव्ह, रविवारी परत, असा बेत शिजतोय. माझ्या टीममधली श्वेता नागपूरची. दुसऱ्यांच्या वतीने सगळं ठरवून टाकणं हा तिचा स्वभाव.

"मधुरा, तू तिथेच राहायचीस ना आधी? मग झालं. तू आमची गाइड."

"मला नाही जमणार गं."

"का? वीकेंडला काय करतेस तू? कपडेच धुतेस ना?"

"नीरजचं काहीतरी आहे," मी म्हणाले.

नीरजचं काही नव्हतं. श्वेता जाताना "बोअर आहेस यार तू" म्हणाली आणि मी हसले. असं वेळेवर हसणं मला जमतं. खिडकीबाहेर पार्किंग लॉटवर बारीक पाऊस पडत होता, इथला, आवाज न करणारा. स्क्रीनकडे बघता बघता मला तिथली हवा आठवली. इतकी कोरडी, की दाराच्या मुठीला हात लावला की टचकन शॉक बसायचा. ओठ फुटायचे. ओला टॉवेल खुर्चीवर टाकून चहा करेपर्यंत वाळलेला असायचा. तीन वर्षं झाली.

ते गाव म्हणजे एक लांब रस्ता होता. रस्त्यावर चार सिग्नल, एक हॉस्पिटल, दोन पेट्रोल पंप, एक सुपरमार्केट, आणि रस्ता संपला की वाळवंट. डोंगर होते, पण उघडे, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे. हॉस्पिटलच्या नव्या सिस्टिमचं काम नीरजच्या कंपनीकडे होतं, म्हणून आम्ही तिथे. लग्नाला सात महिने झाले होते. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला जोडलेला, म्हणजे राहायची परवानगी, कामाची नाही. मी इंजिनिअरिंग केलं होतं, पुण्यात दीड वर्ष नोकरी केली होती, आणि आता सकाळी साडेआठला नीरज गेला की संध्याकाळी साडेपाचपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. कधीकधी दुपारी घसा खाकरून बघायचे, आवाज आहे ना म्हणून. मी मुळातच कमी बोलणारी. तरी कमी बोलणं वेगळं आणि बोलायला कुणी नसणं वेगळं, हे मला तिथे कळलं.

फोनवर मात्र मी आईला सगळं छान सांगायचे. घर छान, हवा छान, शेजार छान. शेजारी कोण राहतं हे मला माहीतही नव्हतं.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आई कराडला एकटीच राहायची, शिवणकाम करायची. दादा-वहिनी पुण्यात. नीरजनेच एकदा फोनवर तिला म्हटलं, "आई, या की सहा महिने." तिने आढेवेढे घेतले, पासपोर्टच्या फोटोत मी चोरासारखी दिसते म्हणाली, पण आली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली, ऑगस्टच्या सुरुवातीचं परतीचं तिकीट घेऊन. विमानतळावर तिच्यासाठी आम्ही व्हीलचेअर सांगून ठेवली होती. पाय धड असलेल्या आई-वडिलांनाही आपण सगळे सांगतो तशी. भाषेची अडचण नको, कुठे चुकायला नको. ती खुर्चीतून ढकलली जात बाहेर आली तेव्हा संकोचाने लाल झाली होती. "अगं, मला काय झालंय? त्या बिचाऱ्या पोरीने अर्धा मैल ढकललं मला. मी तिला म्हणत होते, तू बस, मी ढकलते."

तिने सहाच्या सहा महिने राहावं एवढंच मला हवं होतं. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. मुलीने आईला 'जाऊ नकोस' म्हणावं असं आमच्याकडे कधी होत नाही. आमच्याकडे 'राहा ना, घाई काय आहे' एवढंच म्हणतात, आणि तेही दुसऱ्याकडे बघत.

मला भीती होती ती तिच्या कंटाळ्याची. चार दिवसांत तिला कळेल की इथे काही नाही, रस्त्यावर माणूस नाही, मुलगी दिवसभर भिंतीकडे बघत बसते. मग ती म्हणेल, आले बघून, आता जाते. म्हणून ती यायच्या आधीच मी गावाच्या माहिती केंद्रातून एक पिवळा कागद आणून ठेवला होता. गावात फुकट बघण्यासारख्या आणि करण्यासारख्या गोष्टींची यादी. त्यात लायब्ररीसुद्धा होती आणि सूर्यास्तही होता. मंगळवारी आणि गुरुवारी नीरज त्याच्या एका सहकाऱ्याच्या गाडीतून कामाला जायचा, त्यामुळे ते दोन दिवस आमची गाडी माझ्याकडे. मी हिशोब मांडला. आठवड्याला दोन ठिकाणं. पुरवून पुरवून वापरली तर एप्रिल-मेपर्यंत पुरतील. पुढचं पुढे.

पहिल्या मंगळवारी आम्ही तळं बघायला गेलो. नकाशात ते निळं होतं, चांगलं लांबरुंद. रस्ता संपला तिथे गाडी थांबवली. समोर मैलोन्‌मैल पांढरी, तडकलेली जमीन.

"तळं कुठाय?" आईने विचारलं.

"हेच."

"हे?" ती पदर सावरत दोन पावलं पुढे गेली, बुटाने जमीन टोकरून बघितली. "आणि पाणी?"

"पाणी वाळलं, आई. हजारो वर्षांपूर्वी."

"मग पुसायचं ना नकाशातून," ती म्हणाली. "आमच्या नगरपालिकेसारखंच आहे की तुमचं." आणि एवढं हसली की तिला खाली बसावं लागलं. मलाही हसू आलं. त्या उघड्या जागेत आमचं हसणं कुठे आपटून परत येत नव्हतं, निघून जात होतं नुसतं. आईने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि आम्ही त्या तळ्याच्या मध्यभागी बसून जेवलो. वारा होता. चटणीत थोडी रेती आली. "पूर्वी मासे असतील गं इथे," ती चावता चावता म्हणाली. तिला सुचायचं असं काहीतरी.

नंतर स्टेशनजवळचा कट्टा. तिथून मालगाड्या बघायच्या, हे पण यादीत होतं. दोन मैल लांबीच्या गाड्या, चार इंजिनं, डब्यांवर डबे. आई डबे मोजायची. एकशेअकरा. एकशेअठ्ठावीस. मोजताना मध्ये बोललं की चिडायची. ड्रायव्हरला हात करायची, आणि तोही भोंगा वाजवायचा. मला लाज वाटायची, आजूबाजूला कुणी नसतानाही. "हात खाली कर ना आई," मी म्हणायचे. "का? तो काय माझ्याशी लग्न करणार आहे?" असं म्हणून ती दोन्ही हात हलवायची.

आता वाटतं, ती कंटाळली असती ही भीतीच खोटी होती. कंटाळणाऱ्यातली ती नव्हतीच. कंटाळायची मी.

एका जुन्या घरात गावाचं म्युझियम होतं, गुरुवारी तिकीट नसायचं. खाणकामगारांच्या टोप्या, गंजलेले दिवे, कुणाकुणाचे लग्नाचे फोटो. डॉरोथी नावाच्या एक पंचाहत्तरीच्या बाई तिथे बसायच्या. कोपऱ्यात पायाने चालवायचं शिवणयंत्र होतं. आईने त्याला बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दोरा उलटा ओवलाय." आणि मी "आई, हात लावू नकोस" म्हणेपर्यंत यंत्राभोवती अडवायला लावलेल्या दोरीची कडी सोडवून, दोरा काढून, नव्याने ओवून तिने चाक फिरवलंसुद्धा. डॉरोथी उठून आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी कुठूनतरी चिंधी आणली. आईने टीप मारून दाखवली. मग दोघी त्या यंत्राशी वाकून अर्धा तास बोलत होत्या, एक इंग्रजीत आणि एक मराठीत. मध्येच आई "गुड, गुड, व्हेरी ओल्ड" म्हणायची आणि डॉरोथी तिच्या खांद्यावर हात ठेवायच्या. मी दारापाशी उभी होते. माझी कुणालाच गरज नव्हती. खरं सांगायचं तर ते मला फारसं आवडलं नाही.

इथे मला शाळेबद्दल लिहावं लागेल. लिहायचं नव्हतं.

कराडला त्या वेळी एकच इंग्रजी शाळा होती. बाबा बँकेत क्लार्क, आई जुनी अकरावी. मला तिथे घालायचं हे आईने ठरवलं. पहिलीत मला एबीसीडी आली तेव्हा तिलाही नव्याने यायला लागली. दुपारी मशीन चालवता चालवता ती माझी स्पेलिंगं घ्यायची. पुस्तक कापडाच्या ताग्याखाली अर्धं दाबलेलं, तिचा पाय पायट्यावर. चुकलं की मशीन थांबायचं. तिसरीत-चौथीत मी तिच्या पुढे गेले. पाचवीत एका ओपन डेला, बाई आईशी इंग्रजीत बोलायला लागल्या आणि आई मान डोलावत राहिली, हसत राहिली. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे गणवेश तिने शिवलेले होते. घरी आल्यावर मी म्हटलं, पुढच्या वेळी फक्त बाबांना पाठव. तिने काय म्हणावं? "बरं," म्हणाली. पुढची पाच वर्षं बाबाच आले. ती त्या दिवशी बाबांचा शर्ट इस्त्री करून ठेवायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं आली.

सांगूनही पटणार नाही असं ते झालं. सोमवारपर्यंत जमीन तपकिरी होती. गुरुवारी गावाबाहेर पडलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळं, आणि त्यात मधूनमधून सांडल्यासारखं जांभळं. आई गाडीची काच खाली करून गप्प बसली. ती गप्प बसली की मला काळजी वाटायची. "काय झालं?"

"काही नाही. बघू दे."

मग तिने नावं द्यायला सुरुवात केली. ही आपली सोनकीच की गं. ते जांभळं घाणेरीच्या जातीतलं असणार. ते पांढरं तर तगरीएवढं आहे, बघ. गाव सुटून तिला सव्वा महिना झाला होता आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा तिला कुणीतरी ओळखीचं भेटलं.

फुलांचं तिला अडलेलं होतं. येताना स्टीलच्या डब्यात तिने देव आणले होते, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. मायक्रोवेव्हच्या वरच्या कप्प्यात त्यांची जागा केली होती. रोज आंघोळ करून ती पूजा करायची, पण फुलं नाहीत. सुपरमार्केटमधली जुडी मी आणून दिली तर तिने हुंगून बाजूला ठेवली. "ही दिवाणखान्यातली फुलं आहेत. देवाची नाहीत." अक्षता वाहायची आणि पुटपुटायची, चालवून घ्या बाबांनो, परमुलूख आहे. कराडला सकाळी सहाला तिचं फिरणं असायचं आणि हातात कापडी पिशवी. फिरायला जाणाऱ्या सगळ्याच बायकांच्या हातात असते. अर्ध्या तासात जास्वंद, तगर, अनंत, पारिजात. आमच्या देवांनी कधी विकतचं फूल बघितलं नव्हतं.

फुलं बघायची जागा गावापासून वीस मैलांवर होती. सरकारने राखलेली जमीन, तिकीट नाही. कच्चा रस्ता, गाड्या लावायला मोकळी जागा, आणि पायवाट सुरू होते तिथे पाटी. पाटीवर मजकूर होता आणि अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून फुलाचं चित्र काढून त्यावर लाल काट मारलेली होती. त्या दिवशी आमच्याशिवाय तिथे एकच गाडी होती. मी आईला पायवाटेशी सोडलं आणि पाण्याची बाटली आणायला आमच्या गाडीकडे परत गेले. बाटली सीटखाली घरंगळली होती. ती शोधून, दार लावून वळेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील.

वळले तर आई पाटीच्या जवळ उभी होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फुलं. पिवळी आणि ती तगरीएवढी पांढरी. तिच्यासमोर खाकी कपड्यातली एक रेंजर बाई, साठीची असेल, उन्हाने भाजलेली. बाई काहीतरी बोलत होती आणि आईने हात वर केला होता, पाटीच्या दिशेने. तिचं तोंड उघडलेलं होतं. मला ते उघडलेलं तोंड दिसलं आणि पाचवीतला ओपन डे दिसला. पुढचं सगळं फार भराभर झालं. मी जवळजवळ धावत गेले.

रेंजर बाई रागावलेली नव्हती. तिने मला शांतपणे विचारलं, "तुमच्या आईने पाटी वाचली नाही का?"

आणि मी माझ्या स्वच्छ, शाळेत बक्षीस मिळालेल्या इंग्रजीत म्हणाले, "माफ करा, तिला वाचता येत नाही. ती खेड्यातली आहे. तिला काही कळत नाही."

तीन वाक्यं. एकही अडखळलं नाही. मी, जिला दुकानात 'बदलून द्याल का' विचारायला दहा मिनिटं लागतात. जणू ती वाक्यं मी कधीपासून तयार ठेवली होती.

रेंजर बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. ती आईकडे वळली आणि लहान मुलाशी बोलावं तसं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली की फुलं तोडायची नाहीत, इथेच ठेवायची, बी जमिनीत पडायला हवं. आईने हात खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, सुईत दोरा जातोय का बघायला लागतो तेवढाच. मग "ओके," म्हणाली. खाली बसली. पिशवी तिने उलटी केली नाही. एकेक फूल काढून झुडपाच्या बुडाशी ठेवलं, देठ खाली, तोंड वर. तिचं होईपर्यंत आम्ही दोघी तिच्या डोक्यावर उभ्या होतो. रेंजर बाई मला हळूच म्हणाली, "किती गोड आहेत तुमच्या आई."

गाडीत बसल्यावर आईने एकच म्हटलं, "पाणी दे."

वीस मैल दोन्ही बाजूंनी फुलं होती. मी हीटर चालू केला, बंद केला. रेडिओ लावला. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि प्रत्येक मैलाला ते जास्त अवघड होत होतं. तिला कळलं नसेल, असं मी स्वतःला सांगत होते. एवढं भराभर बोललेलं कसं कळेल? जिने मला स्पेलिंगं शिकवली तिच्याबद्दल मी असा विचार करत होते, आणि मला त्यातून धीरही येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने पूजा केली, अक्षता वाहिल्या. पुटपुटली मात्र नाही.

पुढच्या मंगळवारी मी म्हटलं, "चल, दगडांवरची जुनी चित्रं राहिलीत बघायची."

"नको गं. गुडघा धरलाय."

गुरुवारीही गुडघा. मग मी विचारायचं सोडलं. यादी फ्रिजवर तशीच होती. आईने घराला पडदे शिवले, हाताने, यंत्र नव्हतं म्हणून. मेतकूट केलं, चिवडा केला, फ्रीजरमध्ये पोळ्या घडी घालून रचल्या. आमच्यात भांडण नव्हतं. ती बोलायची, हसायचीही. पण मालगाडी दिसली की हात करायची ती आई आता मी बाहेर कुणाशी बोलायला लागले की माझ्या मागे जाऊन उभी राहायची. सुपरमार्केटमध्ये बिलाच्या रांगेत काउंटरवरच्या मुलीने तिला "कशा आहात?" विचारलं, तर तिने माझ्याकडे बघितलं. मी उत्तर द्यावं म्हणून. आणि मी दिलं.

महिनाअखेरीस एकदा जेवताना नीरज म्हणाला, "आईंनी तिकीट अलीकडचं करायला सांगितलंय. पुढच्या रविवारचं मिळतंय. तुमचं बोलणं झालंय ना?"

"हो," मी म्हणाले. झालं नव्हतं.

आई पानाकडे बघून म्हणाली, "ऊन वाढायला लागलंय. मला नाही सोसायचं इथलं."

ती सातारा-सांगलीच्या उन्हात जन्म काढलेली बाई. नीरज नंतर बेडरूममध्ये मला म्हणाला, "माझं काही चुकलं का?" मी नाही म्हटलं. "मग झालं काय?" मी म्हटलं, ऊन. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मी पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत राहिले. 'राहा ना, घाई काय आहे' एवढं वाक्य तिला म्हणायला माझ्यापाशी आठ दिवस होते. आठही दिवस आम्ही एका घरात होतो.

विमानतळावर नीरज व्हीलचेअर सांगायला निघाला तर तिने त्याचा हात धरला. "नको. मी विचारत विचारत जाईन." तिने मला जवळ घेतलं, दुपारची झोपत जाऊ नकोस म्हणाली, आणि पर्स काखेत घट्ट धरून आत गेली. काचेतून मला दिसत होतं. तिने गणवेशातल्या एका माणसाला थांबवलं. तिकीट पुढे केलं. काहीतरी विचारलं. त्याने हाताने दाखवलं, तिने मान हलवली, आणखी काहीतरी विचारलं, तो हसला. मग ती बरोबर त्याच दिशेने चालत गेली. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

घरी परतताना रस्त्याच्या कडेची फुलं वाळली होती. तिथलं फूल झडत नाही, उभ्या उभ्या कागद होतं. वारा आला की एवढा मोठा प्रदेश खुसखुसायचा.

त्यानंतर आम्ही सांता क्लाराला आलो. मला माझा व्हिसा मिळाला, नोकरी मिळाली. मी दोनदा कराडला जाऊन आले. दर वर्षी नीरज तिला म्हणतो, "आई, आता या. इथे देऊळ आहे, भाजीवाला आहे, मराठी मंडळी आहेत," आणि ती म्हणते, "बघू की." मी म्हणत नाही. आम्ही दर शनिवारी संध्याकाळी बोलतो, तिच्याकडे रविवारची सकाळ असते. कोणाची मुंज झाली, कोणाचं ऑपरेशन झालं. आमच्या फोनला कधी अवघडलेपणा आलेला नाही. अवघड जागा कुठे आहे ते दोघींना पाठ असल्यामुळे पाय तिकडे पडतच नाही.

परवा शनिवारी मी तिला सांगून गेले की ऑफिसातले सगळे तिकडे निघालेत, फुलं आलीत.

"कुठे? आपल्या त्या गावाला?" तिने विचारलं. 'आपल्या' म्हणाली. "मग तू जातेस ना?"

"नाही."

"का गं?"

मी नीरजचं काहीतरी आहे म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी म्हणाले, "आई, त्या दिवशी मी त्या रेंजर बाईला जे म्हटलं ना..."

तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आला.

"पाटी मी वाचली होती," आई म्हणाली. आवाज नेहमीचा, कापडाचं माप सांगावं तसा. "सगळी नाही, पण वाचली. फुलं तोडू नका, असं होतं. मी पाटीच्या पलीकडे गेलेच नाही. अलीकडची घेतली, गाड्या लावतात तिथली. आपल्याकडे नाही का, कंपाउंडच्या आतल्या झाडाला कुणी हात लावत नाही, पण भिंतीवरून बाहेर आलेलं घेतलं तर कुणी काही म्हणत नाही. मला वाटलं इथेही तसंच असेल. तेच सांगत होते मी तिला. आउटसाइड, म्हणणार होते. सॉरी, आउटसाइड. दोन्ही शब्द येत होते मला. जुळवून उभी होते."



"तू मध्ये आलीस," ती म्हणाली.

मग ती थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. मी सॉरी म्हणू शकले असते, माझ्याकडे वाक्यं नेहमीच तयार असतात, पण तिचं बोलून झालंय की ती अजून काही जुळवतेय हे मला कळत नव्हतं. म्हणून फोन कानाला धरून मी गप्प उभी राहिले. तिला हवा तेवढा वेळ.